बाळंतविड्यातली बाबागाडी

ताईचा मुलगा आता बाबागाडीत बसायला तयार नसतो. कुणी बसवलंच तर पाय झाडतो, खाली उतरतो आणि गाडीच्या पुढे पळतो. तो बसायचा ते दिवस फार जुने नाहीत, तरी मला ते सारखे आठवतात.

आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकणारी मी पहिली. त्यामुळे फॉर्म भरायचा असो की डॉक्टरची चिठ्ठी वाचायची असो, सगळे म्हणतात, "तिला विचार." बाबागाडी घ्यायची ठरली तेव्हाही असंच झालं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं, पण तसं सांगायची हिंमत झाली नाही.

ताई पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, भिवंडीला आली होती. तिचं सासर जवळच्याच कोन गावात. लग्नानंतर ती राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला जाऊ लागली होती आणि ते काम तिला सोडायचं नव्हतं. दिवसभर बाळ सांभाळणार तिची सासू. पण त्यांचे गुडघे दुखायचे, बाळाला कडेवर घेऊन चार पावलं चालणंही अवघड. बाळ रडायला लागलं तर फिरवणार कोण? "गाडी असली तर त्यांना जमेल," ताई म्हणाली. "नाहीतर मला घरीच बसावं लागेल." म्हणून आईने झबली, टोपरी, दुपटी यांच्या जोडीला बाळंतविड्यात बाबागाडी द्यायचं ठरवलं. आमच्या नात्यात असं आजवर कुणी दिलं नव्हतं.

मी आठवडाभर मोबाईलवर वाचत बसले. वहीत मुद्दे काढले, परीक्षेला काढते तसे. हलकी हवी. एका हाताने मिटायला हवी. कापड धुता यायला हवं. जड गाड्यांवर मी लाल पेनने काट मारली.

दुकानात निघायच्या वेळी आईने पिशवीत वरवंटा घातला. बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी झबलं घातलेला वरवंटा ठेवतात, कारण रिकामा पाळणा हलवायचा नसतो. आईच्या मते गाडीचंही तेच. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तर सव्वा महिना बाहेर काढायचं नव्हतं.

"आई, लोक हसतील," मी म्हणाले.

"हसू देत. बाळाची गाडी मोकळी ढकलणार नाय मी."

हसले खरेच. दुकानातल्या पांढऱ्या दाढीच्या चाचांनी पिशवीतून निघालेला वरवंटा पाहिला. आईने तो गाडीत ठेवून पट्टा लावला तेव्हा ते म्हणाले, "काकी, एवढं शहाणं पोर माझ्या दुकानात आजपर्यंत आलं नव्हतं."

बाबांचा जन्म कापडाच्या लूमवर गेला. त्यांनी प्रत्येक गाडी आडवी केली, चाकं फिरवली आणि कान लावून आवाज ऐकला. "बेअरिंग खराब," म्हणून दोन बाद केल्या. शेवटी मी वहीप्रमाणे एक निळी, हलकी गाडी दाखवली. बाबांनी ती वरवंट्यासकट दुकानाच्या पायरीवरून उतरवली. वरवंटा जागचा हलला नाही. माझी निवड बरोबर निघाली म्हणून मी घरी येईपर्यंत खूश होते.

तीन महिन्यांनी ताई बाळाला आणि गाडीला घेऊन कोनला गेली. आठवड्यातच तिचा फोन आला. सासूबाईंनी गाडी अंगणात फिरवताना गुडघ्याला आधार म्हणून दांड्यावर भार टाकला, तशी पुढची चाकं वर उचलली गेली आणि गाडी मागे कलंडली. पट्टा होता म्हणून बाळाला लागलं नाही, पण रडून रडून लाल झालं. सासूबाई त्या दिवसापासून गाडीला हात लावत नव्हत्या.

"कामाचं राहू दे आता," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मला रडू आलं.

रविवारी मी कोनला गेले. ताईच्या सासूबाईंची माफी मागायची होती. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पोरी, गाडी झकास हाय. पन ढकलनार कोन व्हती? मी. मना इचारलं कोनी?"

खरंच विचारलं नव्हतं. विहिणीला विचारून बाळंतविडा द्यायचा म्हणजे तिने मागून घेतल्यासारखं दिसतं, असं आमच्याकडे समजतात. आणि मी एवढं वाचलं, पण त्यांच्या गुडघ्यांबद्दल वहीत एक ओळ नव्हती.

"तुम्ही चला माझ्याबरोबर दुकानात," मी कशीबशी म्हणाले.

आईला ते मुळीच रुचलं नाही, पण ती आली. ताईच्या मांडीवर बाळ बघून चाचा म्हणाले, "आज वरवंटा नाही, असली माल आणलात!" सासूबाईंनी रंगाकडे पाहिलंही नाही. एकेका गाडीचा दांडा धरून त्या सगळा भार टाकायच्या, मग दुकानभर चालून यायच्या.

आई न राहवून म्हणाली, "विहीणबाई, गाडी बाळासाठी घेतोय."

"व्हय, पन बालाला काय, तो झोपतो. गुडघे माझे हायेत."

आईलाही हसू आवरलं नाही. सासूबाईंनी मोठ्या चाकांची एक जड गाडी पसंत केली, मी वहीत काट मारलेली. वापरलेली निळी गाडी चाचांनी कुरकुर न करता बदलून दिली.

ताई कामावर परत जाणार त्या सकाळी मी कोनलाच होते. सासूबाई गाडी ढकलत रस्त्यापर्यंत आल्या. हळूहळू, पण वाटेत कुठेही न थांबता. रिक्षा आली तरी ताईचा पाय निघेना. ती बाळाचं टोपरं परत परत सारखं करत होती.

"जा आता," सासूबाई म्हणाल्या. "घरला जायाला आमाला तू लागत न्हायस."

त्यांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, गाडी वळवली आणि घराकडे चालू लागल्या. ताई रिक्षात बसली.