लिनक्सवर भंडारा

माझ्या मुलीचं जावळ रखडलं, ते एका बंद पडलेल्या डब्यापायी. सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. तेव्हा माझ्या तोंडाला फेस आला होता.

बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठल्यानंतरच्या पहिल्याच यात्रेत माझ्या वडिलांचा, म्हणजे यवतच्या आबांचा गाडा आणि माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मांडवगण फराट्याच्या आप्पांचा गाडा एकाच घाटात, शर्यतीच्या त्या चढावर, पळाला. आमच्याकडं एकेकाची बारी सुटते आणि घड्याळ लावून सेकंद मोजतात. पहिला नंबर आबांचा आला, तोही अगदी थोडक्यात. आप्पांचं म्हणणं, घड्याळ फिरवलं. आणि घड्याळ कुणाच्या हातात? माझ्या! दोन्हीकडचा माणूस म्हणून मलाच उभं केलं होतं. म्हणजे चोर ठरला जावई.

त्या दिवसापासून व्याही-व्याही बोलेनात. पुढं मुलगी झाली, तर बारशाला एक सकाळी आला आणि दुसरा संध्याकाळी. बायकोनं मग हट्टच धरला. दोन्ही आजोबा एका मांडवात बसले तरच जावळ, नाही तर पोर अशीच राहू दे. पोरीचे केस आधी डोळ्यांवर आले, मग खांद्यावर आले. आम्ही आपले वेण्या घालत बसलो.

खरं-खोटं ठरवणारं यात्रेचं शूटिंग होतं शिरूरच्या एका शूटिंगवाल्याकडं, त्याच्या नेटवर्क स्टोरेजमध्ये. चपलेच्या खोक्याएवढा डबा, आत दोन हार्ड डिस्क, ना स्क्रीन ना कीबोर्ड. बनवणाऱ्यांनी त्याचे अपडेट कधीच बंद केले होते, आणि यात्रेनंतरच्या आठवड्यातच डब्याचं आतलं सॉफ्टवेअर गेलं. मी कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. डिस्क काढून माझ्या मशीनला लावल्या असत्या तर तासाभराचं काम होतं. पण आप्पा म्हणाले, "पुरावा डब्याच्या भायेर काढायचा न्हाई." आणि आबा म्हणाले, "माझ्या माघारी डब्याला हात लावायचा न्हाई." दोघं एका दिवशी शूटिंगवाल्याच्या दुकानात यायला तयार होईपर्यंत तीन वर्षं गेली.

शेवटी एका रविवारी दोघं आले. खुर्च्या एकमेकांकडं पाठ करून. मी समजावलं, की डिस्क जागच्या जागी राहतील, मी पेन ड्राइव्हवर लिनक्स टाकलंय, डबा त्यावरून सुरू होईल आणि डिस्क फक्त वाचेल.

"म्हंजी खोडता न्हाई येनार?" आप्पांनी भिंतीला विचारलं.

"नाही."

"मग हरकत न्हाई," आबा दुसऱ्या भिंतीला म्हणाले.

झाकणाचे चार स्क्रू काढले, ते आप्पांनी मुठीत धरून ठेवले. आतल्या पिनांना वायर लावून डबा लॅपटॉपला जोडला, म्हणजे तो काय बोलतोय ते अक्षरांत तरी दिसावं. आता गोम अशी, की डबा चालू केला की तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात बटन दाबलं तर ठीक, नाही तर पुन्हा त्या मेलेल्या सॉफ्टवेअरकडंच जातो. माझं बटन दोनदा चुकलं.

"तीन सेकंदांचं काम हाय व्हय?" आप्पा म्हणाले. "मग अवघडच हाय, जावईबापू."

माझं टाळकंच सरकलं. तिसऱ्यांदा बटन असं हाणलं की शूटिंगवाला दचकला. लॅपटॉपवर ओळींमागून ओळी पळायला लागल्या आणि तीन वर्षं लाल असलेला दिवा हिरवा झाला. लिनक्स उठलं! मी ओरडलो, "सुटला!"

हे ओरडायला नको होतं. बारी सुटली की भंडारा उधळायचा, हे आप्पांच्या अंगातच मुरलेलं. त्यांनी खिशातली पुडी काढली आणि मूठभर भंडारा उघड्या डब्यावर उधळला. पंखा चालूच होता. त्यानं सगळा भंडारा आत ओढला, पिवळा धूर सोडला आणि दिवा विझला.

"अवो पाव्हणं, काय केलंत हे!" आबा ओरडले. तीन वर्षांत व्याह्यांशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"चुकलं," आप्पा म्हणाले. हे दुसरं.

डबा घेऊन आम्ही शेजारच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. एका बाजूनं आबांनी धरला, दुसऱ्या बाजूनं आप्पांनी, आणि पंक्चरवाल्यानं हवा मारली. त्याच्यासकट आम्ही सगळे हळदीनं माखलो. "आंघोळ कवा घालायची नवऱ्याला?" असं त्यानं विचारलं. परत येऊन डबा लावला. बटन पहिल्या फटक्यात बसलं, लिनक्स उठलं, डिस्क उघडल्या आणि यात्रा सापडली.

यात्रेच्या दिवशी शूटिंगवाला कॅमेरा घेऊन माझ्या मागंच, जरा कडेला उभा होता. आधी आबांची बारी लागली. मी ताठ उभा, नजर निशाणावर. गाडा निशाणाला आला तसा अंगठा खाली. बरोब्बर! माझी मान वर झाली.

मग आप्पांची बारी. बैल असे आले, की आजही अंगावर काटा येतो. गाडा निशाणाला पोचला आणि पडद्यावर मी दोन्ही हात वर करून उडी मारली. मग आणखी एक. मग शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. मग हातात घड्याळ आहे हे आठवलं आणि दाबलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. आप्पांचा पहिला नंबर मीच घालवला होता, आणि वर तीन वर्षं त्यांच्यावरच चिडून होतो.

आप्पा उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "जावईबापू, माझ्या बैलांसाठी एवढं नाचलात? मला सांगायचं तरी." मग आबांकडं वळून म्हणाले, "पाव्हणं, नंबर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. जावळाची तारीख धरा."

आबांनी मान हलवली. मग मला म्हणाले, "माझी बारी लाव परत."

लावली. मी ताठ उभा, गाडा आला, अंगठा खाली. आबांनी आणखी एकदा लावायला सांगितली.

"माझ्या टायमाला मान बी हालली न्हाई तुझी," ते म्हणाले.

"आबा, तुमची बारी होती म्हणून तर. छाती धडधडत होती नुसती. हललो असतो तर घड्याळ चुकलं असतं."

त्यांनी पडद्यावरच्या माझ्या ताठ पाठीकडं बघितलं आणि न्हावऱ्यावरून जाणारी एसटी गाठायला म्हणून पिशवी उचलली.

"हितं दिसत न्हाई ते," म्हणाले.