बराकुडाचा तुकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि मृण्मयीला – माझ्या बायकोला – तर नाहीच. तू मला ओळखत नाहीस, म्हणून तुला सांगतोय. ऐकून किळस आली तर येऊ दे. मला रोज येते.

आम्ही नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला राहतो. कोविडचा पहिला काळ आम्ही तिथल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर समोरासमोर लॅपटॉप मांडून काढला. मृण्मयी रत्नागिरीची. पाणी दिसलं नाही की तिचा जीव घुसमटतो. इथल्या तळ्यांवर ती शिडाची बोट चालवायला शिकली, परवाना काढला, आणि प्रवासाची बंधनं जरा सैल झाली तशी म्हणाली, "चल, कॅरिबियनला जाऊ. बोट भाड्याने घेऊ. आपण दोघंच."

गेलो. आणि त्या बोटीवर मी कोण होतो? ओझं. शीड ती सांभाळायची, नांगर ती टाकायची, वारा फिरला की तिला मानेवर कळायचं. मी कडेला वाकून ओकत असायचो. ती कधी हसली नाही. हसली असती तर बरं – तिचं ते समजूतदार गप्प राहणंच मला टोचायचं.

तोंडात नळी धरून प्रवाळांवर तरंगणं तेवढं मला जमलं. मग मी मासे मारायचा भाला घेतला. रबर ताणायचं, नेम धरायचा, सोडायचं. रोज रिकाम्या हाताने वर यायचो. आणि एका सकाळी बराकुडा लागला. माझ्या पायाएवढा लांब, चंदेरी, दातांची करवत. छोट्या होडीत तो तडफडत होता आणि मी – पुण्याच्या वरणभाताच्या घरातला मी – मोठमोठ्याने ओरडत होतो.

परत येताना शेजारी नांगरलेल्या बोटीवरून मारेकेने हाक मारली. निवृत्त शिक्षिका, आमच्या नेदरलँड्सचीच. नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षं या बेटांमध्ये फिरणारी. मासा बघून तिचा चेहरा उतरला. "हा खाऊ नका. इथल्या मोठ्या बराकुडात विष असतं. वासावरून कळत नाही, शिजवून जात नाही. टाकून दे."

मी मान हलवली. आभार मानले. टाकला का? – नाही. आमच्या बोटीवर मृण्मयी दोन्ही हात वर करून नाचत होती ना! "निखिल! अरे, केवढा मारलास!" त्या चेहऱ्यासाठी मी पंधरा दिवस ओकत होतो. तो चेहरा कसा पुसायचा?

तिने मासा कापला, धुतला, हळद-मीठ लावलं. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या भारतीय दुकानातून आणलेला मसाला चोळला, रव्यात घोळवून तळला. दोन ताटं वाढली. मी म्हणालो, ऊन लागलंय, जरा थांबून खातो. ती जेवायला बसली. आणि मी –

इथे माझी जीभ अडते.

मी तिच्याकडे बघत बसलो. काही होतंय का, ते बघत. समजतंय तुला? मारेकेचं बोलणं मी विसरलो नव्हतो. मला ते अक्षरशः आठवत होतं. माझी बायको काटे काढत, बोटं चाटत जेवत होती आणि मी वाट बघत होतो. ती भांडी घेऊन खाली गेली, तसा मी माझा तुकडा समुद्रात टाकला. "संपवलास?" तिने खालून विचारलं. "मस्त झाला होता," मी म्हणालो.

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी ओठ बधिर. गार पाण्याचा ग्लास हातात घेतला आणि किंचाळून टाकून दिला – "चटका बसला रे!" आम्ही कसेबसे बेटावरच्या दवाखान्यात पोचलो. त्या दिवसांत सगळ्यांना एकच आजार दिसत होता. तिला प्लॅस्टिकच्या पडद्यामागे निजवलं. पांढऱ्या पोशाखातल्या नर्सने विचारलं, काय खाल्लं होतं? पडद्यामागून मृण्मयीच म्हणाली, "मासा. पण ताजा होता." नर्स माझ्याकडे वळली. तुम्ही?

"मीही खाल्ला," मी म्हणालो. "मला काहीच झालं नाही."

मासा बाद झाला. कोविडची तपासणी निगेटिव्ह आली, तरी कोविडच असणार, असं ठरलं. फेल्डहोवनला परत आल्यावरही तेच. थंडीत सायकलचं हँडल तिला भाजायचं. हातपाय मुंग्यांनी भरून यायचे. सहा महिन्यांनी तिच्या आईने सुकट पाठवली. ती खाल्ली आणि सगळं पुन्हा उसळलं. तोवर मी त्या विषाबद्दल सगळं वाचून बसलो होतो. गार ते भाजतं, हीच त्याची खूण. मासा वर्ज्य, दारू वर्ज्य – मला माहीत होतं. सुकटीचा वास घरभर होता आणि मी कूकरच्या शिट्ट्या मोजत होतो.

बोट तिने सोडली. परवान्याचं कार्ड कुठे आहे, तेही आता विचारत नाही. गणपतीला मराठी मंडळी जमतात, तेव्हा ती सांगते, "निखिल नसता तर माझं काय झालं असतं!" बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी मोदक वाढतो.

गेल्या महिन्यात आमच्या हाउसआर्ट्सकडे – म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे – एक नवी शिकाऊ डॉक्टर होती. तिने मृण्मयीचं सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी उष्ण समुद्रातला एखादा मोठा मासा खाल्ला होता का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नेमकं दार ठोठावलं होतं.

मृण्मयी माझ्याकडे वळली. "खाल्ला होता. पण दोघांनीही. हो ना रे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणालो. "मला काहीच झालं नाही."

डॉक्टरने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.