मुठीतली लाळ

मला किळस फार लवकर येते. शेजारी कुणी भुरका मारला तरी माझा घास घशात अडकतो. मुरबाडहून शहापूरला नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा आई म्हणाली होती, "तुला सगल्याची घान वाटते, तू नर्स कशी होशील गो?" पहिल्याच महिन्यात तिचं पटायला लागलं. शरीररचनेच्या पुस्तकात कुठलंही पान उघडा, काहीतरी ओलं, बुळबुळीत, पाझरणारं. जठराला आतून चिकट पदार्थाचा थर असतो हे वाचलं आणि माझी भेंडीची भाजी सुटली ती सुटलीच.

बाकावर माझ्या शेजारी सापगावची एक मुलगी बसायची. तिचं घर जुन्या शेतकऱ्यांचं, आम्ही बौद्ध. माझी पट्टी, माझं पेन, माझी छत्री, सगळं तिला चालायचं. फक्त मी डबा पुढे केला की तिला उपवास आठवायचा. सोमवार, गुरुवार, संकष्टी, नाहीतर आईने नवस बोललेला एखादा. उपवासाच्या दिवशीही तिच्या डब्यातून वालाच्या उसळीचा वास यायचा, तेव्हा मी नाक दुसरीकडे फिरवायचे. वर्गात मला दुसरी मैत्रीण नव्हती आणि ही एक तरी माझी खरी मैत्रीण असावी, एवढीच माझी इच्छा होती.

मग लाळेचा धडा आला. तोंडात भात चावला की लाळ त्याची साखर करायला लागते, हे करून बघायचं होतं. चूळ भरायची, काचेच्या नळीत थुंकायचं, त्यात भाताची पेज घालायची आणि थोड्या थोड्या वेळाने त्यातला थेंब आयोडीनवर टाकायचा. पेज तशीच असेल तर रंग काळानिळा होतो, साखर झाली की निळा होत नाही. त्या दिवशी लाइट गेली होती, पाणी गरम करता येईना. मॅडम म्हणाल्या, "नळी मुठीत धरा, अंगाची ऊब पुरते. एकीची नळी दुसरीने धरायची."

आमच्या गटात मी, ती आणि आसनगावची एक मुलगी. वर्गभर खाकरणं चालू झालं. भिंतीकडे तोंड करून मी थुंकले. फेस आणि लांबलेली तार. माझीच होती, तरी बघवेना.

नळी सापगाववालीपुढे धरली. "थांब हां," म्हणून तिने आधी हातमोजे चढवले, मग नळीचं टोक चिमटीत धरलं.

"मुठीत धर ना, थंड पडेल."

"मला थुंकीची जाम घाण वाटते गो."

मला जवळजवळ आनंदच झाला. कुणीतरी माझ्यासारखं भेटलं! पण थेंब टाकला तो काळानिळा, पुढचाही तसाच. शेवटी मीच नळी मुठीत घेतली, तेव्हा कुठे रंग गेला. तिने हातमोजे काढले आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.

नंतर आसनगाववालीची पाळी. तिची थुंकी नळीच्या बाहेरूनही ओघळली होती. माझ्या मैत्रिणीने ती नळी उघड्या हाताने घेतली, मुठीत गच्च धरली आणि हसत म्हणाली, "एवढी थुंकी! चिंच आठवली काय गो तुला?" रंग उमटायचा थांबला. तिने तळवा एप्रनला पुसला.

माझ्या नळीतल्या पेजेची जी साखर झाली होती, तीच आसनगाववालीच्याही पेजेची झाली होती. मला शिसारी आली, आणि या खेपेस ती थुंकीची नव्हती. त्या पुसलेल्या तळव्याची होती. त्याहून जास्त माझ्या त्या मघाच्या आनंदाची.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला आणि त्याच हाताने माझ्यापुढे नारळाची वडी धरली. "घे गो, आईने केल्यात."

"नको. उपवास आहे."

"तुमच्यात कुठं असतात उपवास?"

"तुझा असतो ना," मी म्हटलं, "तोच."

तिने वडी परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.