बसलेला आवाज
ज्येष्ठमधाचा वास आला की मला केडगावचं माझ्या माहेरचं पत्र्याचं घर आणि आवाज बसलेली धाकटी बहीण आठवते. नव्वद सालानंतरची गोष्ट. तिचं लग्न मी माझ्या दिराशी जमवलं होतं. साखरपुडा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडून आवाजच फुटेना. आई रोज ज्येष्ठमधाचा काढा उकळायची, घरभर तो गोडूस वास भरून राहायचा, पण उतार पडेना. शेवटी मी तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. तपासून ते तिला म्हणाले, "घशात काही दोष नाही. कसला त्रास होतोय?" मीच म्हणाले, "लग्नाची धावपळ, दुसरं काय!" त्यांनी तिलाच पुन्हा विचारलं, "भूक लागते?" तेही उत्तर मीच दिलं. तसे डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही बहिर्मुख, बोलून मोकळ्या होता. ही अंतर्मुख दिसते. अशा माणसाच्या मनात कोंडलेलं कधीकधी शरीरातून बाहेर पडतं. तिला बोलू द्या."  ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "ताई, मला न्हाई करायचं हे लगीन." लग्न मोडलं, सासरी मी बोलणी खाल्ली, आणि हळूहळू तिचा आवाज परत आला. तिला हे स्थळ पसंत आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आजही फोनवर ती बोलताना जराशी थांबली, की तिचं वाक्य मीच पुरं करते; माझ्या लक्षात येईपर्यंत ती "हो ताई" म्हणून गप्प झालेली असते.