रसाला पाणी

दस्तगीरभाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या कानफटात दिली. एकाहत्तर साली मी कोल्हापुरात गणपतरावांच्या फौंड्रीत लागलो, तिथल्या भट्टीचे ते मिस्त्री. दुपारी भाकरी खाऊन हात धुतले आणि तसाच ओल्या हातानं भट्टीजवळ गेलो. एवढाच माझा गुन्हा.

"जनावराला पाणी दाखवावं, रसाला न्हाय!" ते ओरडले.

रस म्हणजे वितळलेलं लोखंड. त्याच्याखाली थेंबभर ओल सापडली तरी तिची वाफ होते, आणि ती वाफ रसाला उसळवून माणसाच्या अंगावर फेकते. हे नीट सांगता आलं असतं की नाही? पण भाईंचं तोंड कमी आणि हात जास्त चालायचा. मालकाचा मेहुणासुद्धा त्या हातून सुटला नव्हता. मीही काही साधू नव्हतो. मनात म्हटलं, थांब म्हाताऱ्या, एक दिवस बघतोच तुला.

भाई कागलहून रोज सायकल मारत यायचे. डावा कान जळून चिंबलेला, पायाची दोन बोटं गेलेली. शेजारच्या पत्रा कापायच्या प्रेसच्या कारखान्यात माणसांची बोटं तुटत होती, पलीकडं घासायचा फिरता दगड फुटून गुंडू नावाच्या पोराचा डोळा गेला होता. आमच्या भट्टीवर मात्र अकरा वर्षांत एक माणूस मेला नव्हता. त्याला कारण भाईंची थप्पड. हे मला फार उशिरा कळलं. त्या उशिराच्या शहाणपणाला आता काय चुलीत घालायचंय?

चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला भट्टीला हळदकुंकू दरवर्षी भाईच लावायचे, त्या वर्षीही लावलं. दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. नारळ नेहमी उंबऱ्याच्या दगडावर फुटायचा. पण या खेपेला रस ओतायचं भांडं नवं होतं. आतून मातीचा लेप देऊन भाईंनी ते तीन दिवस तापवून खडखडीत वाळवलं होतं. मालकांना हौस आली. त्यांनी नारळ भांड्याच्याच काठावर फोडला. पाणी सरळ आत गेलं आणि लेपानं पिऊन टाकलं.

"मालक, भांडं परत तापवायला पायजे. दोन तास लागतील," भाई म्हणाले.

"दोन तासांत भट्टीत रस गोठंल की! चार थेंबांनं काय हुतंय? देवाचं पाणी हाय ते."

भाई तापले. "देवाचं असू दे न्हाय तर आडाचं! ह्यात रस घेणार न्हाय म्हंजे न्हाय!"

तेव्हा मी बोललो. तीन वर्षांची थप्पड माझ्या गालावर जळत होती ना. मोठ्यानं म्हणालो, "भाईंस्नी नारळ चालंना झालाय जणू. त्यांच्यात बसत नसंल."

भाईंनी माझ्याकडं पाहिलं. हात उचलतील म्हणून मी मान मागं घेतली. त्यांनी हात उचललाच नाही. बोटांवर अजून खंडेनवमीची हळद होती, ती त्यांनी धोतराला पुसली आणि म्हणाले, "चला. धरा भांडं."

भांड्याला दोन बाजूंनी दोन दांडे. मागं माझा जोडीदार सयाजी, पुढं माझी पाळी. मी दांडा उचलला तोच भाईंनी माझ्या पेकाटात लाथ घातली आणि दांडा हिसकावून घेतला.

"हो बाजूला, मुडद्या! लगीन ठरलंय तुझं."

भट्टीचं तोंड फोडलं. रस भांड्यात पडायला लागला. भांडं अर्धं भरलं असेल नसेल, बुडातून गुरगुर ऐकू आली. भाई ओरडले, "सयाजी, पळ!" सयाजीनं दांडा खाली टेकवून सोडला. भाईंनी आपला सोडला नाही. भांडं लवंडलं असतं तर रस आम्हा सगळ्यांच्या पायांत आला असता. मग धडाका झाला. रस छपराच्या पत्र्याला लागून खाली आला. भाईंचा सदरा पेटला. मी पोतं घेऊन त्यांच्यावर पडलो, सदरा ओढला, तर सदऱ्याबरोबर छातीचं कातडं सोलून आलं. ते बोंब मारत नव्हते. मीच मारत होतो.

ते जगले. दोन्ही डोळे गेले.

भेटायला जायची हिंमत व्हायला मला पाच महिने लागले. कागलला त्यांच्या दारात बिबीजानभाभींनी रीतीप्रमाणं हातपाय धुवायला तांब्या दिला. मी आत जाऊन भाईंच्या पायाशी बसलो.

"भाई, मी आकाराम. त्या दिवशी मी बोललो ते..."

त्यांनी चाचपत माझा हात धरला. तळव्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा एकदम तापला.

"वला हात घिऊन आलास, भाड्या?"

त्यांनी सणसणीत थप्पड मारली. ती हवेतच गेली. त्यांनी परत हात उचलला. मी रडत माझा गाल पुढं नेला, अजून पुढं नेला, पण त्यांना तो काही सापडेना.