भोंग्यावर पुकारलेलं नाव

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्मे हसायला वाचतो. आमच्या वडिलांनी बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसवून आम्हाला प्रश्न विचारायला शिकवलं. भूत, भानामती, अंगारा यांना आमच्या घरात थारा नव्हता. त्यात मी लॅब टेक्निशियन... काचपट्टीवर दिसेल तेवढंच खरं मानणारा. तरी एक गोष्ट बारा-तेरा वर्षं पोटात आहे, ती आज लिहितो.

दौंड तालुक्यात, वरवंडच्या अलीकडे, सोलापूर हायवेपासून थोडं आत आमचं हॉस्पिटल. नव्वदीच्या सुरुवातीला ते म्हणजे खताच्या जुन्या गोडाऊनमधल्या तीन खोल्या. आसपासच्या गावांनी वाळू-विटा टाकल्या, श्रमदान केलं, आणि हॉस्पिटल एकेक खोलीने वाढत गेलं. आता नव्या इमारतीत लिफ्टसुद्धा आहे. तेव्हा एकच स्ट्रेचर होता आणि त्याचं एक चाक कायम रुसलेलं असायचं.

रक्तपेढी मात्र पुण्याला. पहिल्याच वर्षी रक्त पोचायला उशीर झाला आणि एक बाळंतीण आमच्या डोळ्यांदेखत गेली. ते मला फार लागलं. मग मी गावोगाव फिरून लोकांचे रक्तगट तपासले आणि बोलावल्यावर येणाऱ्यांची यादी केली. गरज पडली की मी त्या गावच्या दूध डेअरीत फोन करायचो. डेअरीचा सेक्रेटरी मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून नाव पुकारायचा, आणि माणूस हातातलं काम टाकून यायचा. या यादीचा मला भारी अभिमान. अजूनही आहे.

त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास सोपानराव लॅबच्या दारात उभे. नदीकाठच्या गावचे फुलशेती करणारे शेतकरी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि आमच्या यादीतले एकुलते एक ओ निगेटिव्ह.

"कुठं झोपू साहेब?"

"कशाला?"

"रगात द्यायला. साडेनऊला पुकारलं न्हवं का भोंग्यावर?"

मी म्हटलं, मी कुठेही फोन केलेला नाही. रक्त लागेल असा पेशंटच नाही आज. कुणीतरी तुमची गंमत केली.

"आसली गंमत कोन करंल? कॅनॉलच्या पाण्याची पाळी सोडून आलोय मी."

"मग परत जा ना. अजून पाणी मिळेल."

"नाव पुकारल्यावर तसंच माघारी गेलो, तर गाव काय म्हनंल?"

माझं डोकं फिरलं. माझी यादी, माझी पद्धत, आणि हा माणूस मलाच शिकवतोय! मी त्यांना दंडाला धरून समोरच्या स्टॉपवर नेलं. बाराची एसटी यायची होती, तिला थोडा उशीर झाला. तेवढ्यात एक जीप धुरळा उडवत थेट गेटातून आत गेली.

जीपमध्ये भीमेपलीकडून, शिरूर तालुक्यातून आणलेली बाळंतीण होती. घरीच मोकळी झालेली, रक्त थांबत नव्हतं, ओठ पांढरे. मी आत धावलो, तिचं रक्त घेतलं, गट पाहिला. ओ निगेटिव्ह. पुन्हा पाहिला... तोच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पुण्याहून रक्त यायला तीन तास. हिच्याकडे एक तासही नाही."

मी गेटाकडे पळालो. एसटी नुकतीच निघून गेली होती, तिचा धूर अजून रस्त्यावर होता. आणि स्टॉपवर सोपानराव उभे.

"जीप बघितली," ते म्हणाले, "म्हनलं, आपलंच काम आसंल."

क्रॉसमॅच जुळलं. रक्त चढलं. चारच्या सुमारास बाईंनी डोळे उघडून बाळ मागितलं, आणि मी लॅबचं दार लावून रडलो.

मग डेअरीत फोन केला. सेक्रेटरी म्हणाला, "पहाटेपासून लाइट न्हाई गावात. भोंगा कशावर वाजंल?" बाईंच्या नवऱ्याला विचारलं, तर त्यांनी सांगितलं की मूल दहा वाजता झालं आणि रक्तस्राव त्यानंतर सुरू झाला. म्हणजे साडेनऊला नाव पुकारलं, तेव्हा रक्ताची गरजच उभी राहिली नव्हती.

सोपानराव दूध पीत बसले होते. मी विचारलं, "पुकारलं कुणी? सेक्रेटरीने?"

"न्हाई ओ. तुमीच की! तुमचा आवाज मला कळत न्हाई व्हय? 'सोपानराव, लवकर या, बाई जाईल.' तुमी सवता बोलला म्हनून तर चिखल बी न धुता निघालो."

त्या दिवशी मी सकाळी आठपासून लॅबमध्ये होतो. नंतर मी सगळे तर्क लावून पाहिले... बॅटरीवरचा भोंगा, शेजारचं गाव, उन्हात झालेला भास. एकही बसत नाही.

आता आमच्याकडे रक्त साठवायचा फ्रिज आलाय. येत्या रविवारी उद्घाटन आहे, आणि यादी केली म्हणून माझा सत्कार ठरलाय. शाल त्याच बाई घालणार आहेत. त्या आणि त्यांचे मालक इतकी वर्षं म्हणतात, "भाऊ, तुमच्यामुळं वाचले," आणि मी मान डोलावत आलोय. रविवारी माइक हातात आला की ती शाल सोपानरावांना देणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे — भोंग्यावर माझा आवाज कुठून आला, मला माहीत नाही. माझ्या तोंडून निघालेला आवाज मात्र मला नीट आठवतो. तो म्हणत होता, परत जा.