पत्ते सांभाळणारे आमचे साडू

आमच्या साडूंइतकी मन लावून काळजी करणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर साडूंना त्याचीही काळजी वाटत असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. त्या दुष्काळी वर्षांत पाऊस नाही म्हणून सगळेच हवालदिल होते, पण साडू ढग आले तरी घाबरायचे, कारण नुसतेच येऊन गेले तर? लग्नाला गेले की चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून एक चप्पल मांडवाच्या या टोकाला काढायचे, दुसरी त्या टोकाला, आणि दोन्ही जागा ताईंना दाखवून ठेवायचे. "पत्ता कधी एकट्याच्या डोक्यात ठेवू नये हो पाव्हणं," मला समजावायचे, "डोक्याचा काय भरवसा?" एकदा ताई जेवून आधी घरी गेल्या. त्यांना दाखवलंय या भरवशावर साडू स्वतः विसरलेले. मग काय, एका पायात चप्पल घालून गृहस्थ मांडवभर हिंडत होते आणि नवरीकडचे लोक त्यांना पाणी विचारत होते.

असा माणूस नोकरीला कुठं असावा? पैठण रस्त्यावर, चितेगावजवळ, जिथं कपाटाएवढ्या यंत्रांत शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, एमआरआय नि काय काय साठवलेलं असतं तिथं. एकेका फोटोचे तुकडे होऊन ते शेकडो डिस्कवर पसरतात, आणि कुठला तुकडा कुठं आहे हे सांगणारा पत्त्यांचा एक अवाढव्य नकाशा असतो. तो सांभाळणं हे साडूंचं काम. "माल हरवत नाही, पत्ता हरवतो," हे वाक्य ते जेवताना, दाढी करताना, कधीही म्हणायचे. पूर्वी तिथल्या प्रत्येक सर्व्हरकडं नकाशाची आपापली प्रत होती. एकानं तुकडा हलवला की बाकीचे जुन्याच जागी जाऊन हात हलवत परत यायचे. साडूंनी तो नकाशा सगळ्यांना दिसेल अशा एकाच सामायिक मेमरीत आणला. सगळा तिथं मावत नाही म्हणून रोज लागणारा भाग वर, बाकीचा डिस्कवर, लागेल तसा मागवायचा. ज्याला पत्ता बदलायचाय त्यानं तेवढ्या भागाला आधी कुलूप लावायचं, तोवर इतरांनी थांबायचं. कंपनीत सगळ्यांनी पाठ थोपटली आणि साडूंची झोप उडाली.

कारण आता नवीन काळजी. कुलूप लावून एखादा सर्व्हर मध्येच बंद पडला तर? ते कुलूप आपोआप दुसऱ्याला द्यावं, असं सगळे म्हणत होते. साडू ऐकेनात. "आणि तो मेला नसला, नुसता अडखळला असला तर? दोघं एकदम लिहितील आणि नकाशाची माती होईल." शेवटी ठरलं की असं झालं तर साडूंना फोन जाईल, आणि ते हो म्हणाले तरच कुलूप हलेल.

हीच पद्धत त्यांनी आमच्या कॉलनीतही आणली. बीड बायपासच्या पलीकडं शहर असं वाढत होतं की घरं आधी आणि रस्ते मागून. पत्ता म्हणजे गट नंबर, आणि एकाच गटात एकाच नंबरचे दोन प्लॉट. टँकर एका घरी दोनदा रिकामा व्हायचा आणि शेजारी कोरडा राहायचा, कारण प्रत्येक गल्लीचा हिशेब वेगळा. साडूंनी फाटकाशी एक फळा लावला. कुणाला पाणी मिळालं ते सगळ्यांना एकाच जागी दिसणार, आणि लिहायला खडू एकच, म्हणजे दोघं एकदम खोडाखोड करणार नाहीत. झकास चाललं. मग एके दिवशी साडू खडू खिशात घालून चितेगावला निघून गेले. टँकरवाला फाटकाशी उभा. "साहेब, लिव्हल्याबिगर पाणी सोडायचं नाय म्हनून त्यायनंच सांगितलंय. आता म्या काय करू?" बाया घागरी घेऊन जे बोलल्या ते मी साडूंना कधी सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या सासऱ्यांना पिशोरहून शहरात, साडू ज्याचे फोटो सांभाळायचे त्याच हॉस्पिटलात आणलं. आम्ही दोघं जावई त्यांना मामा म्हणायचो. छातीचं दुखणं, अँजिओग्राफी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. मामा आयुष्यात कधी दवाखान्यात झोपले नव्हते. त्या सकाळी त्यांनी साडूंचा हात जो धरला तो सोडेचनात. "जावईबापू, लई भ्या वाटतंय." मामांच्या खोलीत जायच्या आधी साडूंनी आपला फोन बंद केलेला, माझाही करायला लावलेला. फोनच्या लहरींनी मामांच्या छातीवरचं यंत्र बिघडलं तर?

तेवढ्यात डॉक्टर आले. "कालचे फोटो उघडत नाहीयेत. ते बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही, आणि यांना फार थांबवणंही बरं नाही."

 मामांचा हात सोडवून साडू बाहेर पळाले, मी मागोमाग. फोन सुरू करून त्यांनी चितेगावला लावला, स्पीकरवर. तिकडं त्यांच्या हाताखालची मुलगी रडकुंडीला आलेली. "सर, कधीपासून फोन लावतेय. एक सर्व्हर पडलाय, कुलूप त्याच्याकडंच अडकलंय. तुम्ही हो म्हणेपर्यंत सगळं थांबलंय."

"अहो, म्हणा की हो," मी म्हणालो. 

"आणि तो जिवंत असला तर? सगळ्या पेशंटांचे पत्ते जातील, पाव्हणं. मामांचेसुद्धा."  मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "पोरी, त्याची विजेची वायर काढ. बटण नको, हातानं काढ." आम्ही भिंतीला टेकून ऐकत राहिलो.

"काढली, सर."

"हातात आहे का वायर?"

"हातात आहे."

"मग दे कुलूप दुसऱ्याला."

दुसऱ्या सर्व्हरनं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं, फोटो उघडले, मामांना आत नेलं. ऑपरेशन नीट झालं. मामा बोलायला लागले तसे साडू त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "मामा, तुम्हाला थांबावं लागलं ते माझ्यामुळं. माझा फोन बंद होता."

मामा म्हणाले, "व्हय? मंग फोन घिऊन भाईर बसला असता, तर माझा हात कुनी धरला असता?"

साडू पोरासारखे रडले. पुढं कुलूप हलवायचा हक्क त्यांनी त्या मुलीलाही दिला, आणि पडलेल्या सर्व्हरची वीज तोडायचं काम यंत्राकडंच सोपवलं. फोन मात्र तेव्हापासून त्यांनी कधी बंद ठेवला नाही, झोपताना उशाशी, अंघोळीला जाताना दाराबाहेर. मामा त्यानंतर बरीच वर्षं चांगले जगले. गेले ते पिशोरला, स्वतःच्या घरात, अचानक. निरोप लगेच आला, पण आम्ही शहरात होतो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परवा चहा घेताना साडू मध्येच थांबले. मी विचारलं, काय झालं?  मग म्हणाले, "मामा गेले त्या दिवशी माझा फोन चालू होता हो. हात मात्र कुणी धरला?"